डिकीतला हवेचा पंप

१. हवा फुकट मिळते, मग पंप विकत कशाला?

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. कोपऱ्यावरचा टायरवाला दहा-वीस रुपयांत चारही चाके बघून देतो. मग दीड-दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत पैसे मोजून हे लोढणे डिकीत कशाला बाळगायचे? कॉम्प्रेसरचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे.

यावर दुकानदाराचे ठरलेले उत्तर असते, "रात्री-अपरात्री पंक्चर झालं तर?" हे खोटे नाही, पण पंक्चर वर्षातून एखाद्या वेळी होते. शिवाय त्या प्रसंगी हा पंप किती उपयोगी पडेल, हे पंक्चर कसले आहे त्यावर ठरते. पंप घेण्याचे खरे कारण याहून साधे आहे. टायरमधली हवा मोजायची आणि भरायची असते ती टायर थंड असताना. टायर थंड असतो तो सकाळी, घरच्या पार्किंगमध्ये, गाडी हलण्यापूर्वी. पेट्रोल पंपापर्यंत चार-पाच किलोमीटर गेलात की ती वेळ टळलेली असते. तिथला मुलगा कितीही मन लावून काम करो, त्याच्यापुढे तापलेलाच टायर येतो.

२. स्टिकरवरचा ३३ म्हणजे काय

ड्रायव्हरचे दार उघडा. दाराच्या खांबावर एक छोटे स्टिकर असते. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असते. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचा दाब दिलेला असतो. दोघेच बसणार असाल तर एक आकडा, गाडी माणसांनी आणि सामानाने भरलेली असेल तर दुसरा. दुसऱ्या आकड्याकडे फारसे कोणी बघत नाही. गणपतीला कोकणात निघालेली, पाच माणसे आणि टपावर बोजा असलेली गाडी रोजच्याच हवेवर घाट उतरते.

समजा स्टिकरवर ३३ पीएसआय लिहिले आहे. याचा अर्थ एक इंच लांब आणि एक इंच रुंद चौकोनावर ३३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १५ किलोंचा भार. आता हिशेब करू. गाडीचे वजन १२०० किलो धरले तर एका चाकावर ३०० किलो, म्हणजे ६६० पौंड येतात. ६६० ला ३३ ने भागले की २० चौरस इंच मिळतात. ढोबळमानाने एवढाच टायर रस्त्याला टेकलेला असतो. पोस्टकार्डाएवढी जागा म्हणा. हवा उतरून २२ वर आली तर तोच भार पेलायला ३० चौरस इंच लागतात. टायर तेवढा चपटा होतो आणि प्रत्येक फेऱ्यात त्याची बाजूची भिंत दुमडते, सरळ होते, पुन्हा दुमडते. रबर असे सतत दुमडत राहिले की तापते. वेगात टायर फुटण्यामागे बहुतेकदा हीच उष्णता असते.

टायरच्या भिंतीवरही दाबाचा एक आकडा कोरलेला असतो, बऱ्याचदा ४४ किंवा ५१. ती त्या टायरची कमाल मर्यादा झाली. तुमच्या गाडीसाठी किती हवा योग्य, हे टायर बनवणाऱ्याला ठाऊक नसते, कारण तोच टायर दहा वेगवेगळ्या गाड्यांना बसतो. आकडा घ्यायचा तो गाडीच्या स्टिकरवरून.

३. थंड टायर, गरम टायर

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, हे शाळेत शिकलेले असते. कारच्या टायरला ते लावले तर साधारण दर साडेपाच-सहा अंश सेल्सिअसला एक पीएसआय असा हिशेब येतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांत ३३ भरलेला टायर दुपारी ३२ अंशांत उभ्या उभ्याच ३६ च्या आसपास दाखवतो. गाडी पळवली तर आणखी तीन-चारने चढतो. हे सगळे धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो.

आपल्याकडचा एक पक्का समज इथे निस्तरायला हवा. "उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेवा, नाहीतर टायर फुटेल." विदर्भापासून सोलापूरपर्यंत कुठल्याही टपरीवर हे ऐकायला मिळते आणि ऐकताना पटतेही. परिणाम मात्र उलटा होतो. हवा कमी केली की भिंत जास्त दुमडते, टायर जास्त तापतो आणि मेच्या उन्हात ती उष्णता बाहेर पडायलाही जागा नसते. उन्हाळ्यातही स्टिकरवरचाच आकडा ठेवायचा. लांबचा पल्ला मारून थांबलात आणि गेजवर ३७ दिसले तर हवा सोडायची नाही. ती सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर २९ वर बसलेला सापडेल.

थंड टायर म्हणजे निदान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर सावकाश चाललेली गाडी. कॉम्प्रेसर नसेल तरी यातून एक युक्ती निघते. घरी सकाळी साध्या गेजने मोजा. २८ आले आणि हवे आहेत ३३, म्हणजे ५ कमी. पंपावर पोचल्यावर तोच टायर ३१ दाखवेल. तिथे ३३ वर न थांबता ३६ पर्यंत, म्हणजे कमी असलेले पूर्ण ५ भरून घ्या. अडीच-तीनशे रुपयांचे पेनाच्या आकाराचे गेज तुमचे निम्मे काम करते, आणि कॉम्प्रेसर घ्यायचा नसला तरी ते घ्याच असे मी म्हणेन.

घाटाचा प्रश्नही पुष्कळांना पडतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७२ मीटर उंच. तिथे बाहेरच्या हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा दोनएक पीएसआयने कमी असतो. गेज आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवते, म्हणून आकडा दोनने वाढतो. पण तिथली हवा दहा-बारा अंशांनी गारही असते आणि त्यापायी तो तेवढाच खाली येतो. वर जाऊन गेज घेऊन बसण्याचे कारण नाही.

४. खोक्यावर १५० लिहिलेय, ते कशासाठी?

आता यंत्राकडे वळू. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५० पीएसआय छापलेले असते. खरेदी करणारा त्यालाच भुलतो, पण गाडीला लागतात ३३. स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिला साधारण ६० लागतात. १५० च्या जवळ जाणारे घरात काहीच नसते.

बघायचा आकडा बारीक अक्षरांत असतो: मिनिटाला किती लिटर हवा. दाब आणि हे लिटर यांतला फरक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून कळतो. टाकी जितकी उंच तितका पाण्याला जोर, तो झाला दाब. पण बादली किती वेळात भरेल, हे पाइप किती जाड यावर ठरते. दहाव्या मजल्यावरच्या टाकीला सुतळीएवढी नळी लावलीत तर जोर भरपूर मिळेल, बादली मात्र भरता भरणार नाही.

उदाहरण घेऊ. मध्यम आकाराच्या हॅचबॅकच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते. टायर २३ वर आला आहे आणि ३३ करायचा आहे, म्हणजे १० पीएसआय वाढवायचे. बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पीएसआय. १० ला १४.७ ने भागले की ०.६८, त्याला ३० लिटरने गुणले की सुमारे २० लिटर. एवढी बाहेरची हवा आत ढकलायची आहे. खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर लिहिले असेल तर ते नळीचे तोंड उघडे असतानाचे मोजमाप समजा. समोरून टायर ढकलत असताना पंप त्याच्या निम्मे काम करतो असे धरा. म्हणजे या टायरला सव्वा मिनिट. पूर्ण बसलेला टायर असेल तर याच पद्धतीने ६७ लिटर येतात, म्हणजे चार मिनिटे.

मिनिटाला बारा-पंधरा लिटरवाला स्वस्तातला पंप याच कामाला नऊ ते अकरा मिनिटे घेतो. वेळेपेक्षा मोठी अडचण उष्णतेची. हवा दाबली की ती तापते. सायकलला हाताने हवा भरल्यावर पंपाच्या बुडाला हात लावला की चटका बसतो तो त्यामुळेच. छोट्या कॉम्प्रेसरमध्ये बोटभर पिस्टन मिनिटाला शेकडो वेळा तेच करत असतो. म्हणून माहितीपत्रकात 'दहा मिनिटे चालवा, दहा मिनिटे थांबा' अशी सूचना असते. ती न पाळणाऱ्याचा पंप ऐन गरजेच्या वेळी बसतो. घराजवळच्या वापरासाठी आणि हॅचबॅक-सेडानसाठी ३०-३५ लिटरचा पंप पुरतो. मोठी एसयूव्ही असेल तर ५० च्या पुढचा बघा.

५. वीज कुठून घ्यायची

डॅशबोर्डखालच्या १२ व्होल्टच्या सॉकेटचे झाकण वाचा. बहुतेकदा त्यावर १२० वॅट लिहिलेले असते. १२० ला १२ ने भागा: १० अँपिअर. काही गाड्यांत हा आकडा १५ असतो. पंप याहून जास्त वीज ओढणारा असेल तर सॉकेटचा फ्यूज उडतो आणि रात्रीच्या रस्त्यात मोबाइल चार्ज करायची सोयही जाते. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज घालण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याला हात जोडा. वायर तेवढ्या विजेसाठी नसते. ती आतून तापते, आणि गाडीला आग लागायला तेवढे पुरते. दोन सिलिंडरचे दांडगे पंप थेट बॅटरीला चिमटे लावून चालवायचे असतात. ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, तिथे १२ व्होल्टचा पंप लावायचा नाही.

हल्ली स्वतःची बॅटरी असलेले, बाटलीएवढे पंप निघाले आहेत. दिसायला देखणे, वायरची कटकट नाही, सोसायटीच्या पार्किंगमध्ये झकास. पण मेमध्ये नागपूर-चंद्रपुरात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत जी भट्टी होते, ती लिथियम बॅटरीला सोसत नाही. शिवाय चार महिने डिकीत पडलेला असा पंप गरजेच्या रात्री रिकामा निघतो. घरात ठेवून महिन्याला वापरणार असाल तर तो घ्या. गाडीत कायम ठेवायचा असेल तर माझे मत वायरवाल्याला.

वायरवाला घेताना वायरची लांबी मोजा. सॉकेट पुढे आणि टायर मागे. पंपाची वायर तीन मीटर आणि नळी अर्धा मीटर असेल तर चार मीटरच्या आतल्या गाडीचा मागचा टायरही ओढूनताणून गाठावा लागतो. दुकानातच खोके उघडून वायर पसरून बघायला लाजू नये.

६. हवा भरताना

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. व्हॉल्व्हचे टोपण काढून खिशात टाका. जमिनीवर ठेवलेले टोपण हमखास गटारात जाते. नळीचे तोंड दोन प्रकारचे असते: खटका दाबून अडकवायचे किंवा आटे फिरवून बसवायचे. आट्यांचे सावकाश बसते पण सुटत नाही. खटक्याचे पटकन बसते, मात्र जुने झाले की बाजूने हवा गळते. आट्यांचे तोंड बसवताना पहिल्या दोन फेऱ्यांत 'सूंऽऽ' आवाज येतो, तिसऱ्या-चौथ्या फेऱ्यात थांबतो. तो थांबला नाही तर तोंड तिरके बसले आहे. काढून पुन्हा लावा.

मग आकडा लावा. इथे एक धोका आहे. हे पंप मागचा आकडा लक्षात ठेवतात. काल मुलाने सायकलला ६० भरले असतील आणि आज न बघता बटण दाबलेत, तर कारचा टायरही ६० पर्यंत फुगवायला यंत्र मागेपुढे पाहणार नाही. एककही तपासा. ३३ पीएसआय म्हणजे साधारण २.३ बार, किंवा २३० किलोपास्कल. पडद्यावर बार चालू असताना ३३ शोधत बसलात तर ते कधीच मिळणार नाहीत. आपोआप बंद होण्याची सोय असलेलाच पंप घ्या, पण तिच्या भरवशावर चहाला जाऊ नका.

पंप चालू असताना गेज खऱ्यापेक्षा थोडे जास्त दाखवते, कारण ते नळीतला दाब मोजत असते. मध्ये थांबवून आकडा बघा, मग पुढे भरा. नळी काढताना थोडी हवा जातेच, म्हणून अर्धा-एक पीएसआय जास्त भरायला हरकत नाही. पितळी तोंड तोवर चांगलेच तापलेले असते, रुमालाने धरा.

भरताना टायरच्या भिंतीसमोर उकिडवे बसायची सवय सगळ्यांनाच असते. ती मोडा. टायर फुटतो तो बहुधा भिंतीतून. रस्त्याला टेकणाऱ्या भागाच्या रेषेत, थोडे लांब उभे राहा आणि मुलांना जवळ येऊ देऊ नका. भिंतीवर कुठे फुगा आलेला असेल, आतली तार दिसत असेल, तर त्या टायरमध्ये हवा घालूच नका. भिंतीवर चार आकडे असलेली छोटी चौकट असते, तीही एकदा वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा, टायरची जन्मतारीख.

इंजिन चालू ठेवावे का? उघड्यावर ठेवा, बॅटरीला बरे. तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये अजिबात नको; धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. तिथे फक्त चावी फिरवून सॉकेट चालू करा. १० अँपिअरचा पंप पाच मिनिटे चालला तर बॅटरीतून एक अँपिअर-तासही जात नाही, आणि कारच्या बॅटरीत असे ३५ तरी असतात.

नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा चालते का, असेही विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. बेलाशक भरा.

शेवटी व्हॉल्व्ह गळतो का ते बघायचे. टायरवाला बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हच्या तोंडाशी लावतो आणि बुडबुडा येतो का बघतो. तुम्ही साबणाचे पाणी वापरा. टोपण आठवणीने लावा. धूळ आणि चिखल आत जाऊ न देणे एवढेच त्याचे काम, पण व्हॉल्व्ह त्यावरच टिकतो.

७. आणि पंक्चर झालेच तर

जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचे किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. म्हणून आता अनेक इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनीच्या जागी एक छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली मिळते. पंक्चर झाल्यावर काय होईल आणि काय होणार नाही, हे अशा गाडीच्या मालकाने आधीच समजून घेतलेले बरे.

खिळा घुसला आणि हवा हळूहळू जाते आहे: खिळा उपटू नका, तोच भोक बुजवून बसलेला असतो. हवा भरा आणि जवळचा टायरवाला गाठा, वाटेत थांबून आकडा बघत राहा. भरता भरताच हवा निघून जात असेल, तर पंपाचा उपयोग नाही. द्रव घाला किंवा स्टेपनी लावा. टायर रिमवरून सुटला असेल, तर हा छोटा पंप तो परत बसवू शकत नाही, कारण त्यासाठी एका झटक्यात भरपूर हवा लागते. बसलेल्या टायरवर गाडी अर्धा किलोमीटर जरी दामटली असेल, तरी भिंत आतून चिरलेली असण्याची शक्यता दाट. वरून टायर धडधाकट दिसला तरी रिमवरून उतरवून आतून बघितल्याशिवाय त्यात हवा घालू नये.

द्रव वापरलात तर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जायचे नाही आणि टायरवाल्याला तसे सांगायचे, म्हणजे उघडताना त्याच्या अंगावर उडणार नाही. बाटलीवरची मुदतही बघून ठेवा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, अशा प्रवेशनियंत्रित रस्त्यांवर कडेला टायरवाल्याची टपरी नसते. तिथे पंप असणे मोलाचे, पण तो वापरायची जागा त्याहून महत्त्वाची. गाडी अगदी डावीकडे घ्या, चारही दिवे लुकलुकते ठेवा, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि बाकीच्यांना कठड्यापलीकडे उभे करा. पंक्चर झालेला टायर रहदारीच्या बाजूचा असेल तर तिथे वाकून बसू नका. हेल्पलाइनला फोन करा, किंवा हळूहळू पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत जा. टायर वाया गेला तर गेला.

चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप जातात. त्यामुळे महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, सकाळी मोजावे. स्टेपनीही त्यात धरा. ती कोणी मोजत नाही. एकाच टायरचा आकडा दर वेळी बाकीच्यांपेक्षा जास्त उतरलेला दिसला तर तिथे बारीक पंक्चर आहे किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. तो दर आठवड्याला फुगवत बसू नका, टायरवाल्याकडे न्या.